पायपाटीची पिन

कयाक हातांनी चालते असं सगळ्यांना वाटतं. वाटणारच. काठावरून बघणाऱ्याला होडीत बसलेला माणूस दिसतो, त्याच्या हातातलं दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं दिसतं, फुगलेले दंड दिसतात. कमरेखालचं सगळं होडीत झाकलेलं असतं. माझं काम त्या झाकलेल्या भागातलं होतं. बसायची सीट आणि पाय टेकवायची पाटी. सुरतेत तापीच्या काठी चार-पाच वर्षं मी एवढंच केलं. शर्यतीची कयाक पायांनी चालते हे लोकांना सांगून सांगून माझा घसा सुकला, आणि माझी बायको सुमन हिला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

त्याचं असं आहे. उजवं पातं पाण्यात गेलं की उजवा पाय पाटीला रेटा देतो. त्या रेट्याने कंबर फिरते, कमरेबरोबर पाठ आणि खांदा फिरतो, आणि हात बिचारा नुसता वल्हं धरून असतो. मग डावं पातं, डावा पाय. शर्यतीत हे मिनिटाला शंभराच्या वर होतं. पाटी नसेल तर काय होईल? झोक्यावर बसून भरलेली हातगाडी ढकलून बघा, म्हणजे कळेल.

सीटचं गणित वेगळं. ही होडी सतरा फूट लांब, आणि बसायच्या जागी जेमतेम माणसाच्या कमरेएवढी रुंद. बूड गोल. सीट एक बोटभर उंच केली तर वल्ह्याला जोर मिळतो, पण होडी डगमगायला लागते. एक बोटभर खाली घेतली तर माणूस निवांत बसतो आणि शर्यतीत मागे पडतो. त्या एका बोटात माझी सगळी कारागिरी.

मी मूळचा अमळनेर तालुक्यातला, जातीने आणि हाताने सुतार. सुरतेत डिंडोलीला राहायचो आणि भेस्तानला एका कारखान्यात लूमचे लाकडी भाग बनवायचो. लूमवर धोट्याला इकडून तिकडे फेकणारी एक काठी असते. ती मिनिटाला शंभर-सव्वाशे झटके खाते, म्हणून तिचं लाकूड जातिवंत लागतं. एक दिवस देसाईसर नावाचे गृहस्थ तुटलेली पायपाटी घेऊन कारखान्यात आले. नदीवर पोरांना कयाक शिकवायचे. तापीवर पाणी अडवणारा कॉजवे बांधून झाल्यावर त्याच्या वरच्या अंगाला पाणी तळ्यासारखं उभं राहायला लागलं होतं, आणि रांदेरच्या बाजूला त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये क्लब काढला होता. त्यांनी पाटी माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "मिस्त्री, झटका खाणारं लाकूड पाहिजे."

मी म्हटलं, "झटका कोण मारतो, ते आधी दाखवा."

त्या रविवारी मी नदीवर गेलो, आणि मग दर रविवारी जायला लागलो.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची यायची. टेक्स्टाइल मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा गाडीतून घरची गादी घेऊन आला होता. सीट टोचते म्हणाला. मी सांगितलं, गादीने चार बोटं उंची वाढेल, शेठ, होडी उलटेल. तो म्हणाला, "चालशे." उलटली. त्याला आधी बाहेर काढलं आणि मग गादीला. ती दोन दिवस शेडच्या पत्र्यावर वाळत पडली होती.

दुसरा एक बँकेतला कारकून होता. कितीही सरळ जायचं म्हटलं तरी त्याची होडी डावीकडे वळायची. देसाईसरांनी त्याचे हात सुधारून पाहिले, वल्हं बदललं, काही उपयोग नाही. मी त्याची जुनी पाटी उलटीसुलटी करून पाहिली. उजव्या बाजूला टाचेची झीज होती, डाव्या बाजूला फक्त चवड्याची. मी त्याला फळीवर झोपवून दोन्ही पाय मोजले. डावा पाय अर्धा इंच आखूड निघाला. चाळीस वर्षांच्या माणसाला ते माहीत नव्हतं. मी सागाची पाचर करून डाव्या बाजूला लावली आणि होडी सरळ गेली. काठावर येऊन तो मला म्हणाला, "लहानपणी सगळे म्हणायचे, हा मुद्दाम लंगडतो." आणि बराच वेळ टॉवेलने तोंड पुसत बसला.

असा दिवस आला की घरी जाताना मी सायकलवर थोडा ताठ बसायचो. या ताठपणाबद्दल आता मला सांगायचं आहे.

वंदना आली तेव्हा नववीत होती. तिचे वडील भिलाभाऊ आमच्या अमळनेरकडचेच. गोडादऱ्याला राहायचे, लूमवर कामाला. देसाईसर शाळाशाळांतून उंच, लांब हातांची मुलं शोधत फिरायचे. त्यात मराठी शाळेत त्यांना ही सापडली. पोहायला गावाकडच्या विहिरीत शिकली होती. भिलाभाऊ पहिल्या दिवशी तिच्याबरोबर आले, काठावर उभे राहून नदीकडे बघत राहिले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "निंबाभाऊ, पानी कितलं खोल शे?"

मी खरं ते सांगितलं. दोन पुरुष खोल. पण अंगात तरंगणारं जाकीट असतं आणि देसाईसर मागे होडी घेऊन असतात. ते म्हणाले, "तू शेस ना आठे?" मी म्हटलं, मी आहे इथे. तेवढ्यावर त्यांनी मुलगी ठेवली.

सीटचं माप मी शाडूच्या मातीत घ्यायचो. परातीत ओली माती थापायची, त्यावर माणसाला बसवायचं, आणि उठला की त्या ठशावरून फायबरची सीट ओतायची. शेडमध्ये सगळी पोरं-पुरुष. वंदना मातीकडे बघून लाल झाली. मग मी तिला डिंडोलीला घरी नेलं. सुमनने आतल्या खोलीत माप घेतलं, आणि मला बाहेर दोघींच्या हसण्याचा आवाज आला. पायांचं माप तिने वर्तमानपत्रावर उभं राहून दिलं. पेन्सिलीने रेघ ओढताना म्हणाली, "काका, अंगठ्यापाशी थोडं जास्त धरा. मी तिथून ढकलते." तीन आठवडे झाले होते तिला होडीत बसून. अंगठ्यापाशी जोर येतो हे ओळखायला बाकीच्यांना वर्ष लागायचं.

पायपाटीची रचना समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. होडीच्या आत दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमची एकेक पट्टी फायबरने चिकटवून बसवलेली असते. पट्टीला ओळीने भोकं. पाटी त्या दोन पट्ट्यांवर पुढे-मागे सरकते आणि हव्या त्या भोकात दोन्हीकडून पिन घालून पक्की करायची. उंच माणूस पाटी पुढे नेतो, बुटका मागे आणतो. पिना ज्याच्या त्याने बसवायच्या, हा देसाईसरांचा नियम होता. दुसऱ्याने बसवलेल्या पिनेवर भरवसा ठेवायचा नाही. पट्टी चिकटवण्याचं काम माझं.

पिन बसवायची वंदनाची रीत होती. पिन आत सरकवायची, ती 'टक' वाजली की दोन बोटांनी ओढून बघायची. मग दुसरी. मग पाटीवर दोन्ही पाय ठेवून एकदा रेटा द्यायचा. मग परत हात घालून दोन्ही पिना चाचपायच्या. बाकीची मुलं पाण्यात उतरून पुढे जायची, ही अजून चाचपतेच आहे. देसाईसर ओरडायचे, "वंदना, होडी आहे, तिजोरी नाही." ती हसायची आणि आणखी एकदा ओढून बघायची.

दीड वर्षात ती क्लबातल्या सगळ्या मुलींच्या पुढे गेली. अकरावीत असताना राज्याच्या संघाची निवड आमच्याच पाण्यावर व्हायची ठरली. पाचशे मीटरची शर्यत, मुलींतून दोघी घ्यायच्या. तोवर तिची उंची वाढली होती. पाटी शेवटच्या भोकापर्यंत नेली तरी गुडघे जास्त वाकायचे. निवडीच्या आठवड्यात तिने मला सांगितलं, "काका, चार बोटं पुढे पाहिजे."

म्हणजे पट्ट्याच पुढे न्यायला हव्या होत्या. जुन्या पट्ट्या काढायच्या, जागा घासायची, पुढे सरकवून फायबरचा एक थर द्यायचा, तो पूर्ण वाळला की वरून दुसरा. दोन दिवसांचं काम. आणि मला दुसऱ्या दिवशी अमळनेरला पुतणीच्या हळदीला जायचं होतं. डावी पट्टी मी आधी घेतली होती, तिला दोन थर दिले. उजव्या पट्टीचा पहिला थर थंडीमुळे नीट वाळेना. बोट लावलं तर चिकट लागत होता. गाडीची वेळ होत आली. मी हाताने पट्टी हलवून पाहिली, हलली नाही. मनात म्हटलं, आल्यावर देऊ दुसरा थर.

परत आलो तो निवडीच्या आदल्या दिवशी. शेडवर बाहेरून निवड समितीचे साहेब आले होते. देसाईसरांनी त्यांना माझं काम दाखवलं. साहेबांनी तीन-चार होड्यांत हात घालून पाहिलं आणि म्हणाले, "राज्याच्या सगळ्या होड्यांचं काम ह्या मिस्त्रीला द्यायला हवं. कायमचाच ठेवून घ्या." भेस्तानला लाकडाच्या भुश्याने मला दम लागायला लागला होता, जिना चढताना थांबावं लागायचं. त्या वाक्याने मला इतकं हलकं वाटलं की उजव्या पट्टीचा दुसरा थर डोक्यातून गेला. खरंच गेला. इथपर्यंत माझ्याकडून झाली ती चूक होती. चूक माणसाकडून होते.

सकाळी शर्यत लागली. पाच मुली. वंदनाने नेहमीसारख्या पिना चाचपल्या. मी काठावरून पाहिलं. बावटा खाली आला. कयाकमध्ये सगळ्यात मोठा जोर सुरुवातीच्या आठ-दहा वल्ह्यांना लागतो, थांबलेली होडी उचलायची असते ना. ती पहिल्या चार वल्ह्यांत पुढे होती. पाचव्या वल्ह्याला तिचा उजवा गुडघा एकदम सरळ झाला. काठावरच्या कोणाला ते कळलं नसेल. मला कळलं. तिच्या पायाखालून पाटी गेली होती.

ती थांबली नाही. उरलेलं सगळं अंतर तिने डाव्या पायावर काढलं. होडी वाकडी जायची, ती सरळ करायची, परत वाकडी जायची. चौथी आली.

काठाशी आली तेव्हा तिला धाप लागली होती. "काका, पाटी गेली," एवढंच म्हणाली. मी गुडघाभर पाण्यात गेलो आणि होडीत हात घातला. आत अंधार, आणि दोन बोटं पाणी. बोटांना उजवी पट्टी लागली. पुढून उखडून ती लोंबत होती. आणि पिन तिच्या भोकात होती. जशी बसवली तशी, घट्ट.

साहेब काठावर येऊन उभे राहिले. भले माणूस होते. म्हणाले, "सामान तुटलं असेल तर दुपारी हिची एकटीची वेळ घेऊ. पण हिनेच नीट लावलं नसेल तर माझा इलाज नाही, बाकीच्या मुलींवर अन्याय होईल."

देसाईसरांनी विचारलं, "मिस्त्री, शुं थयुं?"

मी होडीवर वाकलेलो होतो. हात आतच होता. त्या हाताने मी पिन भोकातून ओढली आणि मुठीत धरली. लोंबणारी पट्टी दाबून होडीच्या अंगाला लावली. मग सरळ उभा राहिलो आणि म्हणालो, "पिन नीट बसली नव्हती."

तीन-चार शब्द. त्याआधी मी एवढा विचारही केला नव्हता. आतल्या आत मला फक्त एवढंच दिसलं, की साहेब बघताहेत.

देसाईसर वंदनाकडे वळले. "वंदना, पिन?"

"लावली होती, सर."

"मग निघाली कशी?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी दुसरीकडे बघितलं. "लावली होती ना..." ती म्हणाली.

"आठवतंय नक्की? आज घाई झाली का?"

तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. बोटं थंडीने पांढरी पडली होती. मग ती म्हणाली, "लावली असेल."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते गेले. देसाईसर तिला रागावले नाहीत. पाठ फिरवून शेडकडे चालायला लागले. ते जास्त लागतं.

दुपारी भिलाभाऊ पाळी संपवून तसेच आले, अंगावर कापसाची धूळ होती. मला म्हणाले, "निंबाभाऊ, काय व्हयनं? मन्ही पोर तशी नही शे." मी म्हटलं, "होतं, भाऊ. कोणाकडूनही होतं." पिन तेव्हाही माझ्या खिशात होती. संध्याकाळी पूल ओलांडताना मी ती नदीत टाकली. त्याआधी शेड रिकामी झाल्यावर मी ती पट्टी काढली आणि दोन्ही थर देऊन नीट बसवली. फारच नीट बसवली.

ते कायमचं काम मला मिळालं, आणि भेस्तानचा कारखाना मी सोडला. राज्याच्या होड्यांना मी सीटा आणि पाट्या बसवल्या, आणि त्यांतली एकही पट्टी पुढे कधी सुटली नाही. प्रत्येक थर मी दोन-दोन दिवस वाळू द्यायचो. कोणी घाई केली तर त्याच्यावर ओरडायचो. लोक म्हणायचे, मिस्त्रीसारखा काळजीवाला माणूस नाही.

वंदना परत आली नाही. देसाईसर दोनदा गोडादऱ्याला जाऊन आले. भिलाभाऊंनी त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. पुढे दीड वर्षात तिचं लग्न पारोळ्याकडे झालं. पत्रिका मला आली होती. मी गेलो नाही. सुमन गेली आणि आल्यावर म्हणाली, "पोरगी तुमची चौकशी करत होती."

मग अठ्ठ्याण्णवचा तापीचा पूर आला आणि रांदेरची शेड चिखलाने भरली. होड्या एकमेकींवर चढून फुटल्या होत्या. क्लब पुन्हा उभा राहिला नाही, आणि माझं ते कायमचं कामही त्याबरोबर संपलं. देसाईसर मुलाकडे बडोद्याला गेले आणि मी परत भेस्तानला लाकडं तासायला लागलो. नदीवरच्या गोष्टी संपल्या असं मी धरून चाललो होतो.

पुढच्या वर्षी नात्यातल्या एका लग्नासाठी पारोळ्याला गेलो. मांडवात वंदनाने मला ओळखलं. येऊन पाया पडली. अंग भरलं होतं, कडेवर लहान मुलगी होती. बरोबर सासू होती, हसतमुख बाई. आम्ही जुने ओळखीचे म्हटल्यावर ती गंमत सांगायला लागली. "आमची सून कामाला फार चांगली, पण एक खोड आहे बघा. कडी लावते आणि तीन वेळा उठून बघते लागली का. गॅस बंद करते आणि परत जाऊन हात लावून बघते. आता घरून निघालो तर रस्त्यातून परत गेली, कुलूप ओढून बघायला. मी म्हणते, बाई, तुझ्या हातांवर तुझाच भरवसा नाही का?"

सगळे हसले. वंदनाही हसली. "सवय आहे," म्हणाली.

मी जेवलो नाही. पंगतीतून उठलो. पूर्वीही ती चाचपायची. पण ती चाचपायची आणि तिला कळायचं, की लागलं आहे. आता तिला कळत नव्हतं. तेवढा फरक त्या मांडवात फक्त मला माहीत होता.

सकाळी मी तिच्या घरी गेलो. नवऱ्याचं विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान रस्त्यावर, घर त्याच्या मागे. ती ओट्यावर ज्वारी निवडत होती. सासू आत होती. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. आडवळण घेतलं नाही. दुसरा थर दिला नव्हता, पट्टी सुटली, मी खोटं बोललो.

तिचे हात थांबले. तिने एकेक विचारायला सुरुवात केली, आवाज न चढवता.

"पट्टी कुठून सुटली? पुढून की मागून?"

"पुढून."

"उजवी?"

"उजवी."

"आणि पिन?"

"पिन जागेवर होती. मी काढली."

"डावी पण होती?"

"दोन्ही होत्या, वंदना. तू दोन्ही लावल्या होत्या."

तिने सूप खाली ठेवलं. सुपातली ज्वारी एका बाजूला जमा झाली होती. मग म्हणाली, "काका, मी रोज ती पिन बसवते. भांडी घासताना, पोरीला झोपवताना. माझ्या हाताला आठवायचं, की टक वाजली होती, मी ओढून बघितली होती. पण तुम्ही सगळ्यांनी सांगितलं नव्हती लागली. तुम्ही तर हात घालून बघितलं होतं. मग मी म्हटलं, माझा हात खोटं बोलतोय."

सुपातला एक खडा मी उचलून बाजूला टाकला.

"तुम्ही माझ्यासमोर पाण्यात उभे होता," ती म्हणाली. "साहेब म्हणत होते, दुपारी घेऊ."

मी हात जोडले. तिने माझ्या हातांकडे पाहिलंसुद्धा नाही. "मला माफी-बिफी नका मागू," ती म्हणाली. "मला ती देता येणार नाही. बाबांना जाऊन सांगा. त्यांच्यासमोर बसून सांगा. आणि सांगितल्यावर मला कळवा, दुकानावर फोन आहे." आतून कागद आणला, नंबर लिहून दिला. लिहिलेला नंबर तिने दोनदा वाचून पाहिला.

सुरतेला परत आल्यावर सुट्टीच्या दिवशी मी गोडादऱ्याला गेलो. भिलाभाऊ खोलीच्या दारात खाटेवर बसले होते. लूमच्या खडखडाटात पंचवीस वर्षं काढून त्यांचे कान पार गेले होते, हे मला तिथे गेल्यावर कळलं. मी शेजारी बसून हळू आवाजात सुरुवात केली. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "काय?"

मी थोडा मोठ्याने बोललो.

"काय म्हणस? मोठ्याने सांग."

हे असं चारचौघांत ओरडून सांगावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. समोरच्या खोलीतली बाई ओट्यावर आली. नळावरची माणसं बघायला लागली. मी भिलाभाऊंच्या कानाशी तोंड नेलं आणि आमच्या अहिराणीत ओरडलो, "पिन तिनी लावेल व्हती! पट्टी मन्ही सुटनी! मी खोटं बोलनू!"

त्यांना कळलं. मला वाटलं, आता मारतील, आणि मारलं तर बरं असंही वाटलं. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं, पण बहिऱ्या माणसाचा आवाज मोठाच असतो, म्हणाले, "त्या दिन मी तिले मारं व्हतं."

मला हे माहीत नव्हतं. वंदनाने सांगितलं नव्हतं.

ते उठले, आत जाऊन सदरा घालून आले, आणि मला म्हणाले, "चाल." कोपऱ्यावर एसटीडीचं दुकान होतं. मी कागद काढून नंबर लावला. तिचा नवरा बोलला, मग त्याने घरात हाक मारली, मग वंदना आली. मी म्हटलं, "बाबांना सांगितलं. ते इथे आहेत. त्यांना ऐकू येत नाही, पण बोलायचं आहे." आणि रिसीव्हर भिलाभाऊंच्या हातात दिला.

त्यांनी तो तोंडासमोर धरला. कानाला लावलाच नाही. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "पिन तू लावेल व्हती, बेटा."

आणि माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हणस ती?"

मी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे दुकानात कुठलीतरी मोटार फिरत होती, ती कोणीतरी बंद केली. मग वंदनाचा आवाज आला, "बाबांना परत सांगायला सांगा."

मी खूण केली. त्यांनी परत सांगितलं, या वेळी जास्त मोठ्याने. बूथवाला आमच्याकडे बघत होता.

मी पुन्हा कान लावला. ती म्हणाली, "परत."